विडी सुटली, वेप लागली. काळजावरचा भार उतरला का?

माढा : उसाचा हंगाम भरात आला की ट्रॅक्टरवाल्यांच्या झोपेचं खोबरं होतं. कारखान्याच्या गव्हाणीबाहेर रात्र रात्र नंबर लावून बसायचं, थंडीत डोळा लागू नये म्हणून चहा प्यायचा आणि चहावर विडी. तालुक्यातल्या एका गावचे ४४ वर्षांचे ट्रॅक्टरमालक वीस-बावीस वर्षं असेच विडी ओढत आले. दिवसाला दोन बंडलं, हंगामात कधी तीन.

मागच्या दिवाळीत पुण्यात कंपनीत कामाला असलेल्या पोरानं त्यांच्या हातात एक रंगीत डबी दिली. बोटभर लांब, आंब्याच्या वासाची. "अण्णा, विडी टाका आणि हे ओढा. यात धूर नाही, नुसती वाफ आहे. छातीला काही होत नाही." पोरगं बापाच्या खोकल्याला घाबरलेलं होतं, त्याचा हेतू चांगलाच होता.

विडी खरंच कमी झाली. सकाळचा खोकला कमी झाला, घरात वास येईना, मंडळी खूश. आणि मग एका रात्री कारखान्याच्या रांगेत, ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या छातीत धडधड सुरू झाली. घाम फुटला. पित्त असेल म्हणून सोडा प्यायला. सकाळी तालुक्याच्या गावी डॉक्टरांनी ईसीजी काढला. झटका नव्हता, पण नाडी फार जलद होती आणि रक्तदाब चढलेला. डॉक्टरांनी विचारलं, "विडी-सिगारेट?" अण्णांनी सांगितलं, "नाही साहेब, सोडली." डबी खिशातच होती. तिचं नाव ना डॉक्टरांनी काढलं, ना त्यांनी.

अशी घरं आता एकदोन राहिलेली नाहीत. पुण्या-मुंबईहून सणाला येणाऱ्या पोरांच्या खिशातून ही वस्तू टेंभुर्णी, कुर्डूवाडी, बार्शीपर्यंत पोचली आहे. कोणी शौक म्हणून ओढतो, कोणी विडी सुटावी म्हणून. दुसऱ्या प्रकारची माणसं खरोखर काहीतरी सोडायला निघालेली असतात. त्यामुळे त्यांना पूर्ण हिशेब कळला पाहिजे. वेपमुळे काय कमी होतं आणि काय तसंच राहतं, दोन्ही.

वाफ म्हणजे पाणी नव्हे

वेप म्हणजे ई-सिगारेट. आत एक छोटी बॅटरी, एक तारेची कॉईल आणि कापसात मुरलेलं द्रव. ओढलं की कॉईल तापते आणि द्रवाचे बारीक तुषार होतात. द्राक्षबागेत ब्लोअरनं फवारणी करताना जसं धुकं उडतं तसंच हे, फक्त थेंब त्याहून कितीतरी बारीक. द्रवात पाणी नावापुरतं असतं. मुख्य माल म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासाची रसायनं आणि निकोटीन. कॉईल जास्त तापली की त्याच द्रवातून फॉर्मल्डिहाइड, अ‍ॅक्रोलीन यांसारखी त्रासदायक रसायनं तयार होतात. कॉईलच्या धातूचे अंशही तुषारात उतरतात.

ही वस्तू आजच्या रूपात २००३ च्या सुमारास चीनमधल्या होन लिक नावाच्या औषधशास्त्रज्ञानं बनवली. तो स्वतः पट्टीचा सिगारेट ओढणारा, आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेलेले. म्हणजे सुरुवात धूर टाळण्यासाठीच झाली होती. निकोटीन टाळावं, हा त्याचा उद्देशच नव्हता.

हृदयाचा प्रश्न इथंच सुरू होतो. विडी-सिगारेटचा मार काळजावर दोन-तीन बाजूंनी पडतो आणि वेपनं त्यातली एखादीच बाजू नीट बंद होते.

शेतकऱ्याला हे विहिरीवरच्या मोटारीवरून लगेच कळेल. व्होल्टेज कमी असताना मोटारीवर पूर्ण लोड टाकला तर काय होतं? मोटार तापते आणि कॉईल जळते. विडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड वायू असतो. तो रक्तात ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. हे झालं व्होल्टेज कमी. त्याच वेळी निकोटीन शरीरात अ‍ॅड्रेनलिन सोडतं, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. हा झाला लोड. ऑक्सिजन कमी मिळतोय आणि काम जास्त करायचंय, अशा पेचात विडी ओढणाऱ्याचं काळीज दिवसातून वीस-तीस वेळा सापडतं.

वेपमध्ये काही जळत नाही, त्यामुळे कार्बन मोनॉक्साईड जवळजवळ नाही. व्होल्टेज पुष्कळ सुधारलं. हा फायदा खरा आहे, तो नाकारून उपयोग नाही. अण्णांचा खोकला कमी झाला तोही खोटा नव्हता. पण निकोटीनचा लोड तसाच राहिला. काहींच्या बाबतीत तो वाढतो, त्याचं कारण पुढं आहे.

तिसरी बाजू रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराची. ठिबकच्या नळीत क्षार साचले की वरून नळी चांगली दिसते, पण झाडापर्यंत पाणी पोचत नाही. रक्तवाहिनीचं अस्तर असंच आतून खराब होत जातं, ती ताठर होते, तिथं चरबी साचते, आणि एखाद्या दिवशी गुठळी अडकते. धुरातले अतिबारीक कण हे अस्तर बिघडवतात. वेपच्या तुषारातही बारीक कण असतात. विडीइतके घातक नसले तरी त्यांना निरुपद्रवी म्हणता येत नाही.

अभ्यास काय सांगतात

मोबाइलवर दोन्ही प्रकारचे मेसेज फिरतात. एक म्हणतो, वेप ९५ टक्के सुरक्षित. दुसरा म्हणतो, वेपनं सिगारेटपेक्षा जास्त झटके येतात. दोन्हींच्या मागे काही ना काही आहे, आणि दोन्ही अर्धवट आहेत.

स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठानं ११४ सिगारेट ओढणाऱ्यांवर केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सिगारेट सोडून वेपवर आलेल्यांच्या रक्तवाहिन्यांचं काम एका महिन्यातच सुधारलेलं दिसलं. ज्यांनी सिगारेट जितक्या काटेकोरपणे बंद केली, त्यांच्यात सुधारणा तितकी जास्त. वेपची बाजू घेणारे हा अभ्यास दाखवतात आणि तो दाखवण्यासारखा आहेही. मात्र तो एका महिन्याचा होता, आणि त्यात आधीपासून हृदयरोग असलेले लोक घेतलेले नव्हते. शिवाय तुलना होती सिगारेट ओढत राहणाऱ्यांशी. काहीच न ओढणाऱ्या माणसापेक्षा वेपवाल्याचं काळीज चांगलं, असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही.

दुसऱ्या बाजूला, वेप ओढणाऱ्यांना झटक्याचा धोका जास्त असतो, असा एक अमेरिकी शोधनिबंध २०१९ मध्येच आला आणि जगभर बातम्या झाल्या. पण त्यातल्या किती लोकांना झटका वेप सुरू करण्याच्या आधीच येऊन गेला होता, हे निबंध लिहिणाऱ्यांना सांगता आलं नाही. आधी झटका आणि मग घाबरून वेप घेतली असेल, तर दोष वेपला कसा द्यायचा? फेब्रुवारी २०२० मध्ये नियतकालिकानं तो निबंध मागे घेतला. बातमी मात्र अजून फिरते आहे.

थोडक्यात, पूर्ण धूर बंद करून वेपवर गेलेला माणूस विडी ओढणाऱ्यापेक्षा बऱ्या जागी आहे, एवढं मानायला आधार आहे. त्यानं काळीज निर्धास्त झालं, असं मानायला आधार नाही. सिगारेटचं नुकसान दिसायला कित्येक वर्षं गेली होती. वेपचा इतका वापर सुरू होऊनच अजून वीस वर्षं झालेली नाहीत.

अर्धी सोडली तर किती वाचलं?

गावाकडचा खरा घोळ पुढं आहे. अण्णांसारखी बहुतेक माणसं विडी पूर्ण सोडत नाहीत. घरात वेप, शेतात विडी. पोरासमोर वेप, पारावर विडी. डबीचं चार्जिंग संपलं की विडी. दहा-पंधरा विड्यांवरून दोन-तीनवर आलो म्हणजे धोकाही तेवढाच खाली आला, असा प्रत्येकाचा मनातला हिशेब.

फुप्फुसाच्या कॅन्सरच्या बाबतीत हा हिशेब थोडाफार चालेलही. काळजाच्या बाबतीत तो चालत नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१८ साली अनेक देशांतल्या अभ्यासांची एकत्र मांडणी आली. दिवसाला वीस सिगारेटी ओढणाऱ्याला हृदयरोगाचा जो जादा धोका असतो, त्याच्या जवळजवळ निम्मा धोका दिवसाला फक्त एक सिगारेट ओढणाऱ्यालाही असतो, असं त्यातून दिसलं. वीसवरून एकवर आलं तर धोका विसाव्या हिश्शावर यायला हवा, असं गणित सांगतं. पण तो निम्म्यावरच थांबतो.

कारण सोपं आहे. गुठळी व्हायला आणि रक्तवाहिनी आवळायला फार धूर लागत नाही. थोड्या धुरानंच हे यंत्र सुरू होतं. शिवाय विडी ही सिगारेटपेक्षा सौम्य, हा गैरसमज आहे. तेंदूच्या पानात तंबाखू कमी असते खरी, पण विडी विझू नये म्हणून ती सारखी आणि जोरात ओढावी लागते. त्यामुळे निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साईड सिगारेटच्या बरोबरीनं, किंबहुना जास्तच आत जातं.

म्हणून विडीबरोबर वेप ओढणाऱ्याला वेपचा फायदा जवळपास मिळत नाही. खर्च मात्र दोन्हींचा होतो.

विडी विझते, वेप विझत नाही

निकोटीन वाढू शकतं ते असं. विडीला शेवट असतो. ओढली, विझली, टाकली. पुढची पेटवायला काडी लागते, बाहेर जावं लागतं, कोणाचं तरी तोंड चुकवावं लागतं. वेपला असं काहीच नाही. वास नाही म्हणून घरात चालते, अंथरुणात चालते, ट्रॅक्टर चालवताना एका हातात चालते. दिवसभरात किती झुरके झाले हे ओढणाऱ्यालाही सांगता येत नाही.

त्यात आजकालच्या वापरून फेकायच्या डब्यांमध्ये निकोटीन मिठाच्या, म्हणजे सॉल्टच्या रूपात असतं. ते घशाला टोचत नाही, म्हणून जास्त ओढलं जातं. डबीवर पाच टक्के लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ दर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम निकोटीन. दहा मिलिलिटरच्या डबीत झालं ५०० मिलिग्रॅम. एका सिगारेटमधून शरीरात जेमतेम एक ते दीड मिलिग्रॅम जातं. डबीतलं सगळं अंगात जात नाही हे खरं, तरी आकडा बघून धडधड कशामुळे होते याचा अंदाज यावा.

रात्री उशिरा ओढल्यावर झोप न लागणं, उगाच घाबरल्यासारखं वाटणं, छातीत ठोके जाणवणं, हात थरथरणं. विडीवरून वेपवर गेलेल्यांच्या या तक्रारी बऱ्याचदा जादा निकोटीनच्या असतात. पण चाळिशी ओलांडलेल्या, वर्षानुवर्षं विडी ओढलेल्या माणसानं स्वतःच तसं ठरवून गप्प बसू नये. ईसीजी आणि रक्तदाब बघूनच ते ठरतं. आणि डॉक्टरांना वेपचं नाव घेऊन सांगावं. "विडी सोडली" एवढ्या उत्तरानं डॉक्टर फसतात आणि गोळी भलत्याच गोष्टीची लिहिली जाते.

इंग्लंडचं इंग्लंडला

"इंग्लंडमध्ये सरकारच वेप वाटतं" हा मेसेज पोरं बापाला दाखवतात. तो खोटा नाही. तिथं २०२३ मध्ये दहा लाख सिगारेट ओढणाऱ्यांना वेप देऊन सिगारेट सोडवायची योजना जाहीर झाली. पण तिथं निकोटीनला दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, टाकी दोन मिलिलिटरची, आणि विक्रीआधी मालाची सरकारदरबारी नोंद करावी लागते. सोबत समुपदेशक असतो. एवढं असूनही शाळकरी पोरांच्या हातात रंगीत डब्या गेल्या म्हणून १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या वेपवर तिथं बंदी आली.

तिथल्याच एका मोठ्या चाचणीचा निकाल २०१९ मध्ये आला. ८८६ माणसांना निम्मं निम्मं वाटून एका गटाला वेप आणि दुसऱ्याला निकोटीनचे गम, पट्टे वगैरे दिले. वर्षानंतर वेपवाल्यांपैकी १८ टक्क्यांची सिगारेट सुटली होती, दुसऱ्या गटात ९.९ टक्क्यांची. वेप जिंकली म्हणायला हरकत नाही. पण सिगारेट सुटलेल्यांपैकी वर्षानंतर ८० टक्के लोक वेप ओढतच होते. गम-पट्टेवाल्या गटात हे प्रमाण ९ टक्के. म्हणजे सिगारेट सुटली, दोरी तेवढी दुसऱ्या खुंट्याला बांधली.

आपल्याकडे तर वेपवर सरसकट बंदी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्रानं वटहुकूम काढला आणि डिसेंबरात कायदा झाला. तयार करणं, आयात, विक्री, ऑनलाइन विक्री, जाहिरात सगळं गुन्हा. पहिल्यांदा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ओढणाऱ्याला मात्र या कायद्यात वेगळी शिक्षा नाही.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि पुडी कुठं मिळते हे गावातल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. वेपचं तेच चाललंय. फरक एवढाच की वेप चोरून येते म्हणून तिच्या आत काय आहे हे कोणीच तपासलेलं नसतं. डबीवर पाच टक्के लिहिलंय म्हणजे आत पाचच टक्के आहे, याची हमी देणारा कोणी नाही. खतात भेसळ निघाली तर कृषी खात्याकडे तक्रार करता येते, इथं तक्रार कोणाकडे करणार?

चोरट्या मालाची गंमत अमेरिकेनं २०१९ मध्ये बघितली. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथं २,८०७ माणसं फुप्फुसाला इजा होऊन दवाखान्यात गेली किंवा दगावली, त्यांपैकी ६८ मृत्यू. बहुतेकांनी गांजाचा अर्क घातलेल्या वेप ओढल्या होत्या, आणि त्यात मिसळलेलं ई जीवनसत्त्वाचं एक तेलकट रसायन मुख्य कारण निघालं. तो मार फुप्फुसावरचा होता आणि साध्या निकोटीन वेपला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. पण आत काय मिसळलंय हे ओढणाऱ्याला कळत नाही, ही बाब इकडेही तशीच आहे.

आपल्याकडची मोठी अदलाबदल

खरं सांगायचं तर आपल्या तालुक्यांत विडीवरून वेपवर जाणारे अजून मोजकेच. विडीवरून तंबाखू-चुन्यावर किंवा माव्यावर गेलेले मात्र गल्लीगल्लीत आहेत. "डॉक्टरनं धूर बंद करायला सांगितला, म्हणून आता नुसती तंबाखू खातो," हे वाक्य पारावर रोज ऐकू येतं. धूर गेला म्हणजे छाती वाचली, हाच तो विचार. पोरानं वेप आणून दिली तेव्हाही हेच बोलणं झालं होतं.

२०१६-१७ च्या सरकारी तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ वर्षांवरील लोकांत ओढणारे ३.८ टक्के होते आणि तंबाखू खाणारे, लावणारे २४.४ टक्के. म्हणजे ओढणाऱ्या एकामागे खाणारे सहा. यात मिश्री घासणाऱ्या आयाबायाही आल्या. त्यांना तर ही तंबाखू आहे असंच कधी वाटलं नाही, दात घासायची भुकटी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चाललंय.

काळजाचा हिशेब इथंही फारसा बदलत नाही. ५२ देशांतल्या सुमारे २७ हजार माणसांचा इंटरहार्ट नावाचा अभ्यास आहे, त्यातला तंबाखूचा भाग २००६ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. तंबाखू न वापरणाऱ्याच्या तुलनेत विडी ओढणाऱ्याला झटक्याचा धोका सुमारे २.९ पट निघाला. नुसती तंबाखू खाणाऱ्याला सुमारे २.२ पट. दोन्ही करणाऱ्याला चार पट. याच अभ्यासानं आणखी एक गोष्ट दाखवली. आपल्या दक्षिण आशियाई देशांत पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, बाकीच्या देशांत ५९ च्या आसपास. घर चालवणारा माणूस पाच-सहा वर्षं आधी पडतो. कोणाच्या पोरीचं लग्न राहिलेलं असतं, कोणाचं सोसायटीचं कर्ज.

ज्यांनी विडी कधी ओढलीच नाही

कॉलेजच्या पोरांबद्दल फार लांबण लावायची गरज नाही. विडी ओढणाऱ्यासाठी वेप ही आगीतून फुफाट्यात तरी आहे, फुफाटा आगीपेक्षा बरा म्हणता येईल. पण ज्यानं विडीला हातच लावला नाही, त्याच्यासाठी ती तुलना लागूच होत नाही. त्याला फायदा शून्य आणि निकोटीनची सवय मात्र नवीन. आंबा, पुदिना, टरबूज हे वास चाळिशीतल्या ट्रॅक्टरवाल्यासाठी काढलेले नाहीत, हे डबी बघून कोणालाही कळेल.

'पित्त' म्हणून सोडा पिणं

अण्णांनी त्या रात्री सोडा प्यायला. गावात दहापैकी आठ जण तेच करतील. छातीच्या मधोमध दाब, डावा हात, जबडा किंवा पाठीत कळ, थंड घाम, मळमळ, दम लागणं यांपैकी काही पाच-दहा मिनिटांत थांबलं नाही तर पित्ताची वाट न बघता १०८ ला फोन लावायचा आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढायचा. स्वतः मोटारसायकल चालवत जायचं नाही. साखरेचा आजार असलेल्यांना आणि बायकांना कळ न येता नुसता घाम आणि थकवा येऊनही झटका येऊ शकतो. विडी सोडलेल्या माणसानं "आता मला कशाला होईल" म्हणून तर मुळीच थांबू नये. जुन्या विड्यांचा परिणाम रक्तवाहिनीतून लगेच जात नाही.

मग सोडायची कशी

सोडल्याचा फायदा काळजाला लवकर मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार शेवटच्या सिगारेटनंतर वीस मिनिटांत नाडी आणि रक्तदाब उतरायला लागतात. वर्षभरात हृदयरोगाचा जादा धोका जवळपास निम्मा होतो, आणि पंधरा वर्षांत न ओढणाऱ्याच्या बरोबरीला येतो.

त्रास मुख्यतः पहिल्या दोन-चार आठवड्यांचा असतो, त्यातही पहिले तीन-चार दिवस कठीण. चिडचिड होते, डोकं दुखतं, भूक वाढते. हंगामाच्या ऐन रांगेत, रात्रपाळीला सोडायचा मुहूर्त काढणारा पहिल्याच रात्री हरतो. झोप पुरती मिळेल असा आठवडा बघावा.

मेडिकलमध्ये निकोटीन गम मिळतो. दोन मिलिग्रॅमचा चिठ्ठीशिवाय, चारचा चिठ्ठीवर. आता तुम्ही म्हणाल, गमातही निकोटीनच. खरं आहे. पण ते मोजून असतं, सावकाश सुटतं आणि आठ-बारा आठवड्यांत कमी करत बंद करायचं असतं. त्यात धूर नाही, तुषार नाही, आणि आत काय आहे ते कायद्यानं छापलेलं असतं. तो च्युइंगमसारखा कचाकचा चावायचा नाही. थोडा चावून जीभ चुणचुणली की गालात दाबून ठेवायचा, चुणचुण गेली की पुन्हा थोडा चावायचा, असं अर्धा तास. चहानंतर लगेच घेतला तर लागू पडत नाही. आधी झटका येऊन गेला असेल किंवा धडधड होत असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची फोनसेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत आहे. समोरचा माणूस सोडण्याची तारीख ठरवून घेतो आणि पुढे स्वतःहून फोन करून विचारपूस करतो. विडी, तंबाखू, मिश्री, वेप सगळ्यांसाठी हाच नंबर चालतो. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात तंबाखू नियंत्रण कक्षाकडूनही समुपदेशन मिळतं, त्याला पैसे लागत नाहीत. हा कक्ष आहे हेच बहुतेकांना माहीत नसतं, आणि आरोग्य खात्यानंही ते गावागावांत सांगायचे फार कष्ट घेतलेले दिसत नाहीत.

अण्णांच्या घरात आठवडाभर वाद झाला. पोरगं म्हणालं, विडीपेक्षा हे बरंच होतं ना. ते म्हणाले, बरं असेल, पण रात्री जीव घाबरा होतो त्याचं काय. दोघांचंही बरोबर होतं. शेवटी मुलानंच डॉक्टरांना फोन करून वेपचं सांगितलं. डॉक्टरांनी आधी रक्तदाब आटोक्यात आणला, मग गम लिहून दिला, आणि विडी-वेप दोन्ही एकाच दिवशी बंद करायला सांगितलं. पहिल्या खेपेला नवव्या दिवशी रांगेत विडी पेटलीच. दुसऱ्यांदा हंगाम संपल्यावर सुरुवात केली. सध्या दीड महिना झाला. जेवल्यावर अजून हात खिशाकडे जातो, तेव्हा बडीशेप चालते. आंब्याच्या वासाची ती डबी मुलानं पुण्याला परत नेली, ती त्यानं स्वतः टाकली की नाही, हे मात्र अण्णांनी अजून विचारलेलं नाही.